संकेतस्थळासाठी आशय-व्यवस्थापन प्रणालीची निवड : वैद्य व औषधनिर्माते यांच्या दृष्टीने

आपल्या चिकित्सालयाचे वा औषधनिर्माणीचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, ही इच्छा आता बहुतेक व्यवसायबंधूंच्या ठायी दिसून येते. संकेतस्थळ उभारून देणाऱ्यांशी बोलणे सुरू होताच वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल अशी नावे कानी पडतात आणि ‘यांपैकी सर्वांत उत्तम कोणते?’ हा प्रश्न उभा राहतो. आम्हांस हा प्रश्न ‘ज्वरावर सर्वांत उत्तम औषध कोणते?’ या प्रश्नासारखा वाटतो. ज्वर कोणत्या प्रकारचा, रुग्णाचे बल व अग्नी कसे, ऋतू कोणता आणि औषध वेळेवर देण्यास घरी कोण आहे, हे विचारल्यावाचून कोणताही वैद्य त्याचे उत्तर देणार नाही.

प्रस्तुत लेखात या प्रणालींची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु आमचा मुख्य आग्रह असा, की गुणांची तुलना करण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित कराव्यात. संकेतस्थळाची निगा पुढील पाच वर्षे कोण राखणार, ही पहिली. आणि त्यातील मजकूर व त्याचे नाव कोणाच्या ताब्यात राहणार, ही दुसरी. ही दोन उत्तरे हाती आली म्हणजे निवडीचे काम पुष्कळसे सोपे होते.

आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे काय?

पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान स्वतंत्रपणे लिहिले जाई. मजकूर आणि त्याची मांडणी एकाच धारिकेत गुंतलेली असे. चिकित्सालयाची वेळ बदलली, तर ती प्रत्येक पानावर बदलावी लागे आणि त्यासाठी तंत्रज्ञाकडे जावे लागे. आशय-व्यवस्थापन प्रणालीने, म्हणजेच सीएमएसने, ही गुंतागुंत सोडविली. मजकूर डेटाबेसमध्ये साठवला जातो. त्याचे बाह्यरूप ‘थीम’ ठरविते. आणि अधिक कामे, उदाहरणार्थ भेटीची वेळ नोंदविणे वा औषधविक्री, ‘प्लगइन’ नावाच्या पूरक भागांकडून होतात.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर द्रव्य एकच असून स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फाण्ट या त्याच्या निरनिराळ्या कल्पना होतात, तसे हे आहे. मजकूर एकदाच लिहावयाचा. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तो एका रूपात, तर मोबाइलवर दुसऱ्या रूपात दिसतो. वैद्याने वा त्याच्या सहायकाने पासवर्ड देऊन आत जावे, मजकूर सुधारावा व प्रकाशित करावा, एवढे हे काम सोपे झाले आहे.

तीन प्रमुख प्रणाली

वर्डप्रेस, जूमला व ड्रुपल या तिन्ही प्रणाली मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. तिन्ही पीएचपी या भाषेत लिहिलेल्या असून साधारण होस्टिंगवर चालतात. म्हणजे खर्च होतो तो प्रणालीसाठी नव्हे. डोमेन, होस्टिंग, उभारणी आणि निगा यांसाठी होतो.

वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी मॅट मलनवेग व माइक लिटल यांनी प्रसिद्ध केली. तिचा जन्म दैनंदिनीवजा लेखनासाठी झाला. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. शिकण्यास ही तिघींत सर्वांत सोपी. तिच्या प्रसारामुळे लहान गावातही जाणकार मिळतो, आणि एकाने काम सोडले तर दुसरा ते उचलू शकतो. ‘वूकॉमर्स’ या २०११ साली आलेल्या प्लगइनने तिच्यावर दुकान मांडता येते. तिचा दोष असा, की प्रत्येक लहान गरजेसाठी प्लगइन घेण्याची सवय लागते. वीस-पंचवीस प्लगइन साठले, की एकाची सुधारणा दुसऱ्यास बाधते. मराठी व इंग्रजी अशी दुभाषिक मांडणीही मूळ प्रणालीत नसून पॉलीलँग वा डब्ल्यूपीएमएल यांसारख्या प्लगइनच्या आधारे करावी लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वर्डप्रेस ही प्रणाली आणि ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ ही सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण आपल्या होस्टिंगवर बसवितो. दुसरी ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची सेवा असून तेथील सोयी आपण घेतलेल्या वर्गणीनुसार ठरतात. कंत्राट करताना आपणास यांपैकी काय मिळत आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

जूमला २००५ साली ‘मँबो’ या जुन्या प्रणालीतून फुटून निघाली. तिचे नाव स्वाहिली भाषेतील ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या शब्दावरून घेतले आहे. बहुभाषिक मांडणीची सोय मूळ प्रणालीतच असणे आणि कोणत्या सभासदाने काय पाहावे, काय बदलावे याचे बारीक नियंत्रण, हे तिचे गुण होत. तथापि तिचे जाणकार वर्डप्रेसच्या तुलनेने कमी भेटतात, हे लक्षात घ्यावे.

ड्रुपल बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. माहितीची काटेकोर रचना हे तिचे बलस्थान. प्रत्येक कल्पासाठी ग्रंथाधार, घटकद्रव्ये, मात्रा, अनुपान अशी स्वतंत्र रकानेबद्ध नोंद करून त्या नोंदी एकमेकींशी जोडता येतात. मोठी महाविद्यालये, संशोधनसंस्था व शासकीय विभाग तिच्याकडे वळतात ते याचसाठी. परंतु तिची उभारणी व निगा यांस प्रशिक्षित मनुष्य लागतो.

मोठ्या संस्थाही प्रणाली बदलतात. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवासाचे संकेतस्थळ २००९ साली ड्रुपलवर आले आणि २०१७ साली वर्डप्रेसवर गेले. यावरून एवढाच बोध घ्यावा, की कोणतीही निवड कायमची नसते. म्हणून आत जाताना बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी.

तयार सेवांचा मोह

विक्स, शॉपिफाय यांसारख्या सेवा मासिक वा वार्षिक वर्गणीवर सर्वकाही तयार देतात. होस्टिंग, सुरक्षा, सुधारणा यांची चिंता नाही, हा त्यांचा खरा लाभ होय. ज्यांच्याकडे निगा राखण्यास कोणीच नाही, त्यांनी त्या सरसकट त्याज्य मानू नयेत. मात्र तेथील रचना उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्गणी थांबली की संकेतस्थळही थांबते.

सेवा देणारा मोठा असला म्हणजे सेवा चिरंतन राहील, असेही नाही. याहूने आपली जिओसिटीज ही सेवा २००९ साली बंद केली आणि असंख्य लोकांची पाने नाहीशी झाली. गूगलने व्यवसाय-नोंदीसोबत विनामूल्य दिलेली संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्या व्यावसायिकांनी तोच पत्ता आपल्या वेष्टनांवर व चिकित्सापत्रांवर छापला होता, त्यांचा तो छापील पत्ता निरुपयोगी झाला. म्हणून सेवा कोणतीही घेतली, तरी डोमेन स्वतःचे असावे. सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो.

रुग्णपरीक्षेप्रमाणे गरजपरीक्षा

आपल्या वाचकवर्गाच्या गरजा आम्हांस साधारणतः चार प्रकारच्या दिसतात.

पहिला प्रकार एकट्या वैद्याच्या चिकित्सालयाचा. परिचय, शिक्षण व नोंदणी, वेळा, पत्ता, पंचकर्माच्या सोयी आणि ऋतुचर्येवरील काही लेख, अशी दहा-बारा पाने पुरतात. येथे मोजक्या प्लगइनसह वर्डप्रेस योग्य. लेख लिहिण्याचा संकल्प नसेल आणि वर्षातून एकदाच वेळ बदलावयाची असेल, तर कोणतीही प्रणाली न घेता साधी स्थिर पाने करून घेणे अधिक हिताचे. ज्यात डेटाबेस नाही व आत जाण्याचे दार नाही, त्यास बिघाडही कमी.

दुसरा प्रकार लहान औषधनिर्माणीचा, जिला पन्नास-शंभर कल्पांची सूची मांडावयाची आहे, पण विक्री वितरकांमार्फतच करावयाची आहे. येथेही वर्डप्रेस चालते. मात्र कल्पांची माहिती साध्या पानांत ओतून ठेवू नये. प्रत्येक कल्पासाठी स्वतंत्र नोंदप्रकार व रकाने करून घ्यावेत. ही सोय वर्डप्रेसमध्ये २०१० च्या ३.० आवृत्तीपासून आहे. जूमलामध्ये असे रकाने २०१७ च्या ३.७ आवृत्तीपासून मिळतात; ड्रुपलचा तर तो पायाच आहे. याचा लाभ प्रत्यक्ष कामात कळतो. उद्या ‘हिंगुल वा वत्सनाभ असलेले आपले कल्प कोणते?’ असे कोणी विचारले, तर रकानेबद्ध सूचीतून त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव आदी नावे क्षणात पुढे येतात. ओतून ठेवलेल्या मजकुरात तीच नावे पानोपानी शोधावी लागतात आणि एखादे नजरेतून सुटते.

तिसरा प्रकार थेट विक्री करणाऱ्या औषधनिर्माणीचा. येथे वूकॉमर्ससह वर्डप्रेस किंवा वर्गणीची दुकान-सेवा, असा पर्याय आहे. ज्यांच्याकडे संगणक सांभाळणारा नियमित मनुष्य आहे त्यांनी पहिला, नाही त्यांनी दुसरा मार्ग धरावा.

चौथा प्रकार संघटना, महाविद्यालय वा मोठ्या द्रव्यसंग्रहाचा. सभासदांचे निरनिराळे अधिकार व दोन-तीन भाषा असतील, तर जूमलाचा विचार व्हावा. शेकडो द्रव्यांची परस्परसंबद्ध माहिती असेल आणि प्रशिक्षित मनुष्यास वेतन देण्याची तयारी असेल, तरच ड्रुपल घ्यावी.

मराठी मजकुराची परीक्षा

आपल्या अनेक औषधनिर्माण्यांची माहितीपत्रके श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटांत साठविलेली आहेत. त्या पद्धतीत संगणकास ‘अ’ दिसत नाही. दिसते ते कोणते तरी रोमन चिन्ह, ज्यावर ‘अ’चे रूप चढविले आहे. असा मजकूर संकेतस्थळावर टाकला, तर वाचकास निरर्थक अक्षरे दिसतात. तो चित्ररूपाने टाकला, तर शोधयंत्रास त्याचा थांग लागणे कठीण होते. म्हणून सर्व मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. रूपांतरानंतर मूळ प्रतीशी अक्षरशः ताडून पाहणे अनिवार्य आहे. जोडाक्षर बिघडले तर वाचक हसून सोडून देईल; पण मात्रेचा अंक वा ‘अर्धा’ हा शब्द बिघडला, तर रुग्णास अपाय होईल.

प्रणाली निवडण्यापूर्वी तिच्या नमुना पानावर ‘शार्ङ्गधर’, ‘वाङ्मय’, ‘ऱ्हास’, ‘दह्याच्या’ असे शब्द लिहून संगणकावर व साध्या मोबाइलवर पाहावेत. अनेक आकर्षक थीम इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. त्यांत मराठी वेलांट्या व रफार वरच्या ओळीत घुसतात. डेटाबेस ‘यूटीएफ-८’ पद्धतीचा आहे ना, हेही विचारावे. चुकीच्या पद्धतीच्या डेटाबेसात स्थलांतर केले, की सारी देवनागरी प्रश्नचिन्हांत बदलते आणि बॅकअप नसल्यास ती परत मिळत नाही.

कायदा आणि प्रणाली

संकेतस्थळावरील मजकूर हाही जाहिरातीतच गणला जाईल, असे समजून लिहावे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अपस्मार, मोतीबिंदू, पक्षाघात अशा ५४ व्याधी व अवस्था आहेत आणि त्यांवरील उपचारासाठी औषधाची जाहिरात करण्यास बंदी आहे. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींस पूर्वानुमती आवश्यक करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण निकाली काढले. इतक्या वेगाने नियम पालटत असता, एक वाक्य काढून टाकण्यासाठी तंत्रज्ञाची आठवडाभर वाट पाहावी लागत असेल, तर ते संकेतस्थळ धोक्याचे होय.

या दृष्टीने दोन सोयी पाहाव्यात. पहिली, मजकुराच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणे, म्हणजे कोणते वाक्य कधी लिहिले व कधी काढले हे दाखविता येते. दुसरी, लेखक व प्रकाशक यांचे अधिकार वेगळे ठेवणे, म्हणजे सहायकाने लिहावे, पण वैद्याने वाचून मान्य केल्यावरच ते प्रसिद्ध व्हावे. तिन्ही प्रणालींत या सोयी आहेत. त्या सुरू करून घ्याव्या लागतात, एवढेच.

विक्रीबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ई-वाणिज्य संस्थांना सूचना दिली, की अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेली आयुर्वेदीय औषधे वैध चिकित्सापत्र सादर झाल्यावरच विकावीत. वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, विषमुष्टी, जयपाल, पारद, हिंगुल, हरताळ ही द्रव्ये त्या सूचीत आहेत. म्हणजे आपले पुष्कळसे रसकल्प तीत येतात. वूकॉमर्समध्ये चिकित्सापत्र स्वीकारण्याची सोय मूळची नाही. ती स्वतंत्र प्लगइनने करावी लागते. दुकान उभारण्याच्या कंत्राटात ती पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी.

रुग्णांची माहिती हा तिसरा विषय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. भेटीच्या अर्जात नाव व दूरध्वनी क्रमांक पुरेसे होत. व्याधीचा इतिहास संकेतस्थळाच्या डेटाबेसात साठविण्याचे काही कारण नाही. तो वैद्याने समक्ष विचारावा.

निगा : संकेतस्थळाचे पथ्य

प्रणाली बसविली म्हणजे काम संपले, असा समज फार हानिकारक आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधील एक गंभीर दोष व त्यावरील उपाय एकाच वेळी प्रसिद्ध झाला. त्या महिन्याच्या अखेरीस ड्रुपलच्या सुरक्षा-गटाने जाहीर केले, की ज्यांनी सात तासांच्या आत सुधारणा बसविली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ घुसखोरांच्या हाती गेले आहे असेच समजावे. वर्डप्रेसने २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून लहान सुधारणा आपोआप बसविण्याची सोय केली. परंतु तेथील बहुतांश दोष मूळ प्रणालीत नसून प्लगइन व थीम यांत आढळतात आणि त्यांकडे कोणाचे तरी लक्ष असावे लागते.

अशा घुसखोरीचा एक प्रकार आपल्या व्यवसायाशी विशेष संबद्ध आहे. घुसखोर संकेतस्थळात वाजीकर व अन्य ॲलोपॅथिक गोळ्यांच्या जाहिराती लपवितात. मालकास पान पूर्ववत् दिसते. शोधयंत्रास मात्र त्या जाहिराती दिसतात. वैद्याचे नाव शोधणाऱ्या रुग्णापुढे त्या नावाखाली भलत्याच औषधाची ओळ येते. वर्षानुवर्षे मिळविलेल्या विश्वासास याहून मोठी बाधा कोणती?

प्रणालींचेही आयुष्य असते. जूमलाच्या तिसऱ्या मालिकेस मिळणारे साहाय्य ऑगस्ट २०२३ मध्ये संपले. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचे ५ जानेवारी २०२५ रोजी संपले. ड्रुपल ७ वरून पुढे जाणे ही साधी सुधारणा नव्हती. संकेतस्थळ जवळजवळ नव्याने बांधावे लागे. म्हणून चालू आवृत्तीस किती काळ साहाय्य मिळणार, हे आरंभीच विचारावे.

महिन्यातून एकदा सुधारणा बसविणे, आठवड्यातून एकदा बॅकअप घेणे, तो होस्टिंगखेरीज अन्य ठिकाणी ठेवणे, आणि वर्षातून एकदा त्या बॅकअपवरून संकेतस्थळ खरोखर उभे राहते का हे पाहणे, एवढे पथ्य पुरेसे आहे. दुकान चालविणाऱ्यांनी मात्र बॅकअप रोज घ्यावा.

करार करताना

संकेतस्थळ उभारणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदविले आणि पुढे मतभेद होताच ते अडकून पडले, अशा तक्रारी आमच्या कानी आल्या आहेत. ग्राहकाने पैसे दिले, मजकूर दिला, छायाचित्रे दिली. नाव मात्र दुसऱ्याचे राहिले. अशा वेळी कोणतीही उत्तम प्रणाली उपयोगी पडत नाही. यास्तव पुढील गोष्टी करारात लेखी असाव्यात.

१. डोमेनची नोंदणी वैद्याच्या वा संस्थेच्या नावाने व्हावी आणि नूतनीकरणाची सूचना आपल्याच ई-मेलवर यावी.

२. होस्टिंगचे खाते आपल्या नावावर असावे.

३. सर्वोच्च अधिकाराचा पासवर्ड आपणास मिळावा. तंत्रज्ञासाठी वेगळे खाते असावे.

४. थीम व प्लगइन अधिकृत मार्गाने घेतलेले असावेत. चोरट्या प्रतींत घुसखोरीची वाट अनेकदा आधीच ठेवलेली असते.

५. संपूर्ण मजकूर, चित्रे व डेटाबेस यांची प्रत मागताच मिळावी.

६. निगा राखण्याचा वार्षिक मोबदला व त्यात समाविष्ट कामे स्पष्ट लिहिलेली असावीत.

या सहा अटी मान्य करणारा तंत्रज्ञ ज्या प्रणालीत निष्णात असेल, ती प्रणाली वर सांगितलेल्या आपल्या गरजेस पुरते का, हे पाहावे व निर्णय करावा. बहुसंख्य चिकित्सालये व लहान औषधनिर्माण्या यांस मोजक्या प्लगइनसह वर्डप्रेस पुरेल, असे आमचे मत आहे. ज्यांचे संकेतस्थळ आधीच चालू आहे, त्यांनी ते कोणत्या प्रणालीवर, कोणत्या आवृत्तीवर आहे आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे, या तीन गोष्टी या आठवड्यात विचारून लिहून ठेवाव्यात. उत्तरे समाधानकारक नसल्यास नूतनीकरणाची तारीख येण्यापूर्वीच त्यांची व्यवस्था करावी.